पेशंटचे नातेवाईक कोण?

५ फेब्रुवारी

प्रिय कात्री,

या पत्राचं कारण तुझा नवरा. काल दादाचा फोन आला. आधी आईचे गुडघे, मग सोफ्याच्या कापडाचे भाव, मग आमच्याकडची हवा, आणि शेवटी, "तिला जरा तू सांग." म्हटलं, काय सांगू? "तेच ते. तिचं." तिचं काय? "तुम्हा बायकांचं." अरे बाबा, पन्नाशी उलटली तुझी, शब्द तरी उच्चार! नाहीच. वर्गातल्या मठ्ठ मुलाकडून उत्तर काढावं तसं एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं: पाळी कधीही येते, आली की जात नाही, चेहरा पांढराफटक पडलाय आणि गर्भाशयात गाठी निघाल्यात. आणि तू मला, शाळेपासूनच्या मैत्रिणीला, वर सख्ख्या नणंदेला, एका अक्षरानं कळवलं नाहीस.

फोन तू उचलणार नाहीस हे माहीत आहे. तुमचा फोन वर्कशॉपच्या तोंडाशी, आणि शेजारी आई कान टवकारून बसलेली. म्हणून पत्र. कॉन्व्हेंटमध्ये बाकाखालून चिठ्ठ्या सरकवायचो तसं समज.

माझं मत सरळ आहे. काढून टाक. मी काढलं तेव्हा चाळिशीत नुकती शिरले होते, तुझी तर अठ्ठेचाळिशी आली. कटकट गेली बघ. पांढरे कपडे घालून वर्गात उभी राहते, मुलांकडे पाठ करून फळ्यावर नकाशे काढते, निर्धास्त. पोहायला जाते. कपाटाच्या कोपऱ्यात दडवलेली पुडकी नाहीत. सुटले. तूही सूट.

सिस्टरनी मला मॉनिटर केलं ते एका वर्षापुरतं, असं तू नेहमी म्हणतेस. तुझ्यापुरती ती मुदत अजून संपलेली नाही. काय ते ठरव आणि कळव.

तुझी
मॉनिटर (आणि तुझ्या दुर्दैवानं वन्संसुद्धा)


१६ फेब्रुवारी

प्रिय मॉनिटर,

कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही नाही. आहे ती नुसती घाण.

येते तेव्हा लिव्हरच्या तुकड्यांसारख्या रक्ताच्या गाठी पडतात. काळपट, गुळगुळीत. वास येतो. मला माझा वास येतो, मॉनिटर, आणि तो बाकीच्यांनाही येत असणार या धास्तीनं मी माणसांपासून हातभर लांब उभी राहते. गिऱ्हाइकांना वाटतं बाई शिष्ट झाल्या.

माझं काम तुला माहीत आहे. लोकांचे जुने सोफे उसवायचे. इतकी वर्षं मी परक्यांच्या बैठकांच्या पोटात हात घालतेय. नखं, केस, चोखून थुंकलेल्या गोळ्या, बुरशी धरलेली बिस्किटं, एकदा तर वाळून कडक झालेला उंदीर. कधी नाक मुरडलं नाही. तुझा दादा म्हणायचा, हिला नाकच नाही. आणि आता मला शिसारी येते ती स्वतःची.

त्यानं तुला काय सांगितलं नाही ते मी सांगते. आमच्याकडे कुठलीही खुर्ची गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी मी बसून बघते. हे लग्नानंतरच्या पहिल्या खुर्चीपासूनचं. यांनी "बस गं, बघ" म्हणायचं, मी डोळे मिटून बसायचं आणि कुठली स्प्रिंग बोचते ते सांगायचं. त्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही. गेल्या महिन्यात वकीलबाईंच्या खुर्च्या होत्या, सायीच्या रंगाचं कापड. मी बसले आणि उठायच्या आधीच मला कळलं. उठले तेव्हा यांनाही कळलं. वळले, उसवणी उचलली आणि कापड टराटरा फाडायला लागले. संध्याकाळपर्यंत नवं कापड चढलं, खुर्ची गेली. तेव्हापासून मला "बस गं" म्हणत नाहीत. स्वतःच बसून बघतात.

डॉक्टरांचं ऐक आता. म्हातारे, नावाजलेले, यांच्या ओळखीतले. सोनोग्राफी बघून म्हणाले, "एक संत्र्याएवढी, एक लिंबाएवढी, आणि ही आतल्या पोकळीत डोकावतेय ती द्राक्षाएवढी." डॉक्टर मंडळींना सगळी मापं फळांतच का सुचतात? घरी आल्यावर सासूबाईंनी मायेनं संत्रं सोलून पुढे केलं. मी मोरीत जाऊन ओकले.

तर हे फळवाले म्हणाले, "मुलंबाळं झाली, आता काय करायचंय ते ठेवून? काढून टाकू. बरोबर अंडाशयंही, म्हणजे पुढची कटकट नको." हे मला नव्हे, यांच्याकडे बघून. आमचे हे भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. ते चित्र गर्भाशयाचंच आहे हे ध्यानात आलं तशी मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले.

सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी काय गाठी नव्हत्या? होत्या. नावं नव्हती."

लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी काय होतं ते लिहीत नाही, या पत्रात आधीच पुरेशी घाण झाली. ठरवलं काहीच नाही.

तुझी
कात्री


२७ फेब्रुवारी

प्रिय कात्री,

तुझं पत्र वाचून आधी हसले, आणि मग मला तुझा राग आला. तू सरळसरळ घाबरतेयस. शाळेत लस टोचायला यायचे तेव्हा तू रांगेत माझ्यामागे, मग तिसरीच्या मागे, असं करत शेवटी दारापर्यंत पोचायचीस, तोच प्रकार. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! दुखणं पोटात आणि तू भांडतेयस संत्र्याशी.

वाट बघून गाठी विरघळतात असं तुला कुणी सांगितलं? अंगातलं रक्त असं किती दिवस वाहू देणार आहेस? दादाला शब्द फुटत नाही म्हणून तूही मौन धरायचं, हे काही शहाणपण नव्हे.

तारीख घे. मी रजा टाकून येते, आईला सांभाळते, तुला सूप करून घालते. मला स्वयंपाकातलं तेवढंच नीट येतं, तेव्हा तक्रार करायची नाही.

मॉनिटर


१९ मार्च

प्रिय मॉनिटर,

घेतली तारीख. पुढच्या महिन्याची अगदी सुरुवातीची. फळवाल्यांकडेच. सगळंच काढायचं, तुझ्यासारखं. खूश?

घाबरून थांबले नव्हते आणि धीर आला म्हणूनही ठरवलं नाही. का ठरवलं ते सांगते.

जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची तुला आठवते ना, खिडकीजवळची, हिरव्या कापडाची? परवा सकाळी बघते तर तिच्यावर रेक्झिन. तपकिरी, चकचकीत, दवाखान्यातल्या बाकासारखं. फक्त माझ्या खुर्चीवर. बाकीच्यांची कापडं होती तशीच. सासूबाईंनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "बरं केलंस हो, पुसलं की झालं." मी बसले. खाली रेक्झिन चर्र वाजलं. टेबलाशी कुणी मान वर केली नाही.

वसतिगृहात ती एक मुलगी होती, जिच्या गादीवर रबरी चादर असायची. सकाळी ती चादर घडी घालून काखेत धरून ती सगळ्यांच्या आधी न्हाणीघराकडे पळायची. सिस्टर तिला कधी रागावल्या नाहीत. फक्त तिच्या खाटेपाशी आल्या की श्वास रोखून धरायच्या आणि पुढच्या खाटेपाशी सोडायच्या. मला त्या मुलीचं नावही आता आठवत नाही, तो रोखलेला श्वास मात्र आठवतो. आता या घरात ती मुलगी मी आहे.

मला दुसरं काही नको, स्वच्छ व्हायचंय. यांना म्हटलं, सगळं काढून टाकते. "तू म्हणशील तसं," म्हणाले आणि तोंडावर हात दाबून उठून गेले. मळमळल्यासारखे. माझं नाव काढलं तरी आता यांना मळमळतं.

तू ये. सूप चालेल.

कात्री


२३ मार्च

कात्री,

थांब. आधी तारीख रद्द कर, मग पुढचं वाच.

मी तुला सुटले असं लिहिलं. गेली कित्येक वर्षं सगळ्यांना तेच सांगते. पाळी सुटली हे खरं आहे. पण मी सही केली होती ती फक्त गर्भाशयाची. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत अंगातून अशा वाफा निघायला लागल्या, की मी नर्सला म्हटलं खिडकी उघडा, तर ती म्हणाली, ताई, उघडीच आहे. डॉक्टर आले तेव्हा सहज म्हणाले, "अंडाशयंही काढली हो. नाहीतरी आता काय उपयोग होता? मिस्टरांना विचारलं होतं." आमच्या मिस्टरांनी मान डोलावली होती. चाळिशीत झोपवलेली बाई म्हातारी होऊन उठली. हाडं दुखतात, झोप नाही, आणि आमच्या दोघांत… जाऊ दे. पत्र आहे हे.

आता त्याहून किळसवाणं ऐक. ऑपरेशन संपल्यावर एक माणूस ट्रे घेऊन बाहेर आला आणि त्यानं हाक मारली, "पेशंटचे नातेवाईक कोण?" काढलेलं दाखवायचं, अशी तिथली पद्धत. काम केल्याचा पुरावा म्हणून, जसा मेकॅनिक जुना पार्ट दाखवतो. मिस्टर उठले. सासरे उठले. दादा उठला. तिघांनी बघितलं. माझे सासरे घरी येऊन जेवताना म्हणाले, "वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं." माझ्या पोटातलं माझ्या सासऱ्यांनी बघितलं, मी नाही. आजही ते समोर जेवायला बसले की मी माझं ताट उचलून स्वयंपाकघरात नेते.

आणि दादा त्या ट्रेपाशीच ओकला. लोकांनी धरून बाकावर बसवला. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, आईनं सांगितलं. तेव्हापासून हा विषय निघाला की त्याचा हात तोंडाशी जातो. मी धरून चालले होते की त्यानं तुला सांगितलं असेल. तुझ्या पत्रातली ती मळमळ वाचली आणि कळलं, नाही सांगितलेलं. ती मळमळ तुझ्यामुळे नाही, कात्री. माझ्यामुळे आहे.

मग मी तुला "काढ" का लिहिलं? तुझं पत्र पुढ्यात ठेवून स्वतःला हेच विचारत बसले होते. आलेलं उत्तर चांगलं नाही. मला वाटत होतं, हिचंही गेलं की आपण दोघी होऊ. एकटीनं "सुटले, सुटले" म्हणायला फार ताकद लागते. हे लिहिताना मला माझीच शिसारी आली. पण तू ऑपरेशनच्या टेबलावर असताना आली असती तर उपयोग नव्हता.

तारीख रद्द कर. दादाशी बोल. दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

मॉनिटर


९ एप्रिल

प्रिय मॉनिटर,

रद्द केली. फळवाल्यांच्या माणसाला इतकं वाईट वाटलं की जणू मी लग्न मोडलं.

तुझं पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. राग आला का? आला. मग तुझ्या सासऱ्यांचं जेवताना बोललेलं ते वाक्य आठवायचं आणि राग त्यांच्याकडे जायचा. तिकडेच राहू दे त्याला.

नंतर वर्कशॉपमध्ये गेले. हे स्टुलाची पट्टी ठोकत होते, तोंडात बारीक खिळे. तू बघितलंयस, मूठभर खिळे ओठांत धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे आणून ठोकायचा. तोंड भरलेलं असलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, हा वरचा फायदा. मी म्हटलं, "अहो, तुमच्या बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा तो ट्रे तुम्ही बघितला होता?"

हातोडी थांबली. एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला. मग म्हणाले, "तिनं लिहिलं?"

"हो."

"सगळं?"

"तुम्ही ओकलात तेही."

"त्या माणसानं ट्रेवरचं फडकं ताटावरचं झाकण काढावं तसं सहज उचललं गं. माझ्या मनात आलं, आम्ही हे बघावं का, असं हिला कुणी विचारलंय? आणि तरी मी बघतच राहिलो."

"आणि माझ्या खुर्चीला रेक्झिन कशाला?"

"वकीलबाईंच्या खुर्चीवरून उठलीस तेव्हा तुझा चेहरा बघितला होता. म्हटलं, निदान घरात तरी हिला भीत भीत बसायला नको."

"'बस गं' म्हणायचं का सोडलं?"

"मी म्हटलं की तू बसतेस. बरं नसलं तरी."

मॉनिटर, एवढ्या वर्षांच्या संसारानंतर या माणसाला बायकोशी बोलायला अजून सोफ्याचं कापड लागतं! वाटलं, आता आपल्याला भरून येईल. तसलं काही झालं नाही, मी भडकले. म्हटलं, "विचारलं असतंत तर तोंडातले खिळे काही पोटात गेले नसते. उद्याच्या उद्या ते रेक्झिन काढा. एक तर घाणेरडं दिसतं, आणि घामानं चिकटतं." म्हणाले, "मलाही आवडलं नव्हतं."

मग दुसरीकडे गेलो. डॉक्टरीणबाई आहेत, आपल्यापेक्षा बऱ्याच लहान, खोलीत चित्रं नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मी म्हटलं, "किळसेचा." त्यांनी ते लिहून घेतलं. हसल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, या वयात असा अवेळी रक्तस्राव होत असेल तर गाठींवर खापर फोडून मोकळं व्हायचं नाही, आधी आतल्या अस्तराचा नमुना तपासायचा. "थोडा चिमटा बसेल," म्हणाल्या. चिमटा कसला, सांडशी होती ती! पण निकाल चांगला आला, तसलं भलतं काही नाही.

मग सगळं नीट समजावून सांगितलं. पाळी कायमची गेली की गाठी बहुधा आपोआप आक्रसतात, म्हणजे वाट बघणं हाही एक इलाज आहे. ऐकलंस का, लस टोचणाऱ्या बाई? फक्त ती कधी जाईल ते कुणी सांगू शकत नाही आणि माझं रक्त तोवर पुरायला हवं. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं इवलंसं यंत्र आहे, नुसत्या गाठी काढता येतात, गाठींकडे जाणारं रक्त तोडता येतं, आणि सगळं गर्भाशय काढणं आहेच. तेव्हाही अंडाशयं ठेवायची की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तो त्या मला विचारणार. मला, मॉनिटर.

मी यंत्र म्हटलं. द्राक्षामुळे ते टिकेल याची खात्री नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. द्राक्ष हा शब्द माझा, त्या मिलिमीटरमध्ये बोलतात. काय बरं वाटलं!

कात्री


११ जून

प्रिय कात्री,

यंत्र बसलं आणि रक्त जाणं कमी झालं, हे दादानं फोनवर सांगितलं. आणि ऐक, "पाळी" म्हणाला! अडखळत, घसा खाकरत, पण म्हणाला. मागून आईचा आवाज आला, "फोनवर काय बोलतोस रे हे?"

कात्री, तू राखलंस. सकाळी उठले की हाडं कुरकुरतात, मग तुझी आठवण येते, माझं गेलं पण हिचं राहिलं, असं मनात येतं, आणि उठायला बळ येतं. वेड्यासारखं आहे हे, पण आहे.

परवा धीर करून मिस्टरांना विचारलं, "तेव्हा तुम्ही मान का डोलावलीत?" बराच वेळ आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "डॉक्टर घाईत होते." मी त्यांचा चहा त्यांच्यासमोर बेसिनमध्ये ओतला. त्यांना अजून कळलेलं नाही का ओतला ते. सासऱ्यांना वाटलं दूध नासलं.

जप. तुझं ते माझंही आहे, असं समजून जप.

मॉनिटर


२१ ऑगस्ट

प्रिय मॉनिटर,

जपलं नाही गं. म्हणजे मी जपलं, त्यानं ऐकलं नाही.

यंत्र पडलं. मोरीत, रक्ताच्या एका मोठ्या गाठीबरोबर, त्याच्या बारीक दोऱ्यांसकट. मी ते चिमटीत धरून नळाखाली धुतलं आणि डबीत घालून डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेलं. त्यानंतरचे दिवस मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की रक्त चढवावं लागलं. कुणा अनोळखी माणसाचं रक्त हातातून आत येत होतं आणि माझं खालून जात होतं, आणि मला वाटलं, मी म्हणजे गटार झालेय. हे माझ्या उशाशी बसून होते. चादर बदलायला नर्स आली तेव्हा मी म्हटलं, तुम्ही बाहेर जा. गेले नाहीत. एका बाजूनं चादर धरली. गादीला खोळ चढवायची यांना सवयच आहे.

आता तुला जे वाचायचं नाही ते लिहिते. मी काढायचं ठरवलंय. गर्भाशय तेवढं. अंडाशयं चांगली दिसली तर ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नुसत्या गाठी काढायचा मार्ग अजून आहे, घाई नाही. चारदा विचारलं. चारदा मी तेच म्हटलं.

मार्चमध्ये काढायला निघाले होते ती स्वतःच्या किळसेपायी. आता काढतेय ती दमले म्हणून. जिना चढताना मध्येच बसावं लागतं. दाभण ओढायला हातात जोर राहिलेला नाही. काम सोडून घरात बसून वाट बघणं मला जमायचं नाही. किळस आहेच, ती कुठे जाते? पण ठरवायच्या वेळी तिला खोलीबाहेर बसवलं होतं.

तुला वाटेल, हिच्यासाठी मी एवढं सांगितलं आणि हिनं शेवटी तेच केलं. रागाव. पण ये.

कात्री


२८ ऑगस्ट

कात्री,

मी येणार नाही. शाळेत परीक्षा आहेत, हे कारण कुणी विचारलं तर सांग.

त्या ट्रेचं मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं ते तुला टेबलावर चढवण्यासाठी नव्हे. आता तुझंही एक दिवस कुणीतरी फडकं उचलून दाखवील आणि आई घरी येऊन शेजारणीला त्याचं वर्णन करील.

शरीर तुझं, मर्जी तुझी. हे वाक्य लिहायला मला बरेच कागद फाडावे लागले.

मॉनिटर


४ ऑक्टोबर

माझी मॉनिटर,

झालं. घरी आहे. टाके ओढतात, खोकला आला की देव आठवतो, आणि लघवीची ती नळी काढताना मी नर्सला जे बोलले ते शाळेतल्या सिस्टरनी ऐकलं असतं तर आजही वर्गाबाहेर उभी असते. अंडाशयं आत आहेत. चांगली होती.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी शेवटचं विचारलं, "काही सांगायचंय?" मी म्हटलं, "काढलेलं आधी मला दाखवायचं. बाहेर कुणालाही नाही." म्हणाल्या, "लॅबला पाठवायच्या आधी दाखवीन." पण बाकीच्या नर्सना हे सांगायचं राहिलं असावं, कारण तिथेही पद्धत तीच निघाली. पुढचं मला सासूबाईंकडून कळलं, आणि त्या ते तक्रार म्हणून सांगत होत्या.

ट्रे घेऊन एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "पेशंटचे नातेवाईक कोण?" सासूबाई लगेच उठल्या, "मी बघते की!" यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः ट्रेसमोर जाऊन उभे राहिले. नर्सनं फडक्याला हात घातला तसा यांनी वरून आपला हात दाबला. म्हणाले, "मी नातेवाईक. पण मला दाखवू नका."

"अहो, सगळे बघतात."

"बघत असतील. तिला आधी. मग ती म्हणाली तर."

"त्यांना कशाला? बायकांना बघवत नाही हो ते."

"मलाही बघवलं नव्हतं," हे म्हणाले. "माझ्या बहिणीचं बघितलंय मी. तिला विचारायचं राहिलं होतं."

सासूबाई म्हणतात, चारचौघांत एवढ्या मोठ्यानं बोलायची काय गरज होती? आणि नर्स ट्रे घेऊन आत जाईपर्यंत हे दाराकडे पाठ करून उभे होते, म्हणे. ओकले नाहीत.

मला नीट शुद्ध आल्यावर डॉक्टरीणबाई स्वतः बरणी घेऊन आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि बरणी माझ्या डोळ्यांसमोर धरली. कसं दिसतं ते लिहिते, कारण तुला कुणी सांगितलं नाही, तुझ्या सासऱ्यांचं ते एक वाक्य सोडून. राखाडी गुलाबी. ओबडधोबड. एका अंगाला फुगलेलं, कापूस एका कोपऱ्यात गोळा झालेल्या जुन्या लोडासारखं. वर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, ते मात्र सुरेख, शाळेतल्या सिस्टरच्या हातच्या भरतकामासारखं. आतून कुठे काळं, कुठे बुळबुळीत. शिसारी आली, मॉनिटर. यात मी लेकीला नऊ महिने सांभाळलं, हे आठवलं तरी ती जाईना. दोन्ही बरोबरच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पुरे?"

मी म्हटलं, "थांबा जरा. आणखी एकीचं बघायचं राहिलंय."

त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी बरणी खाली घेतली नाही. आणि मी तुझ्या वाट्याचं पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मान वळवली नाही.

तुझी
कात्री